रत्नाच्या हातातला माईक

मी एक जुना माईक आहे. वेल्ह्याच्या डोंगराखालच्या एका ग्रामपंचायतीत राहतो. पुण्याच्या दुकानातून एसटीने आलो, तेव्हा मला हार घातला होता. आता माझ्या जाळीला पोचा आहे आणि वायरीला चिकटपट्टी. मला डोळे नाहीत, पण हात मी बरोबर ओळखतो. भाषण कितीही गोड असो, तळवा खोटं बोलत नाही.

मित्रांनो, एका ग्रामसभेत तर माझाच जीव टांगणीला लागला होता. डोंगरावरच्या तळ्याला कुंपण घालायचा ठराव होता. तो झाला असता, तर धनगरवाड्यातली मेंढरं पाण्यावाचून राहिली असती. ती विकण्यावाचून गत उरली नसती. वाड्यातर्फे बोलायला रत्ना उठली. तिचा तळवा घामाने ओला होता.

या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारण्यात जन्म गेलेली ती! तिने मला ओठांशी धरून तशीच हाळी दिली. मी किंचाळलो. सभा खो-खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रत्ना, हितं मेंढरं न्हाईत, माणसं हायेत," म्हणत सरपंच आनंदराव मला तिच्या हातातून ओढू लागले.

तिची पकड सैल झाली. संपलं सगळं, मला वाटलं. तेवढ्यात मागून तिच्या सासूबाई, सोजराबाई ओरडल्या, "रत्ने, खाली बघू नगं. मान वर कर!"

रत्नाने श्वास घेतला. मला घट्ट धरून वीतभर लांब नेलं.

"व्हय सरपंच, माणसं हायेत. मेंढराला हाळी घालावी लागती. माणसाला हळू सांगितलं तरी कळावं. तळ्याला कुंपण घातल्यावर आमची मेंढरं पाणी कुठं पित्याल?"

बोलून झाल्यावरही तिने मला सोडलं नाही. कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली.

"ठरावाच्या बाजूनं हात वर करा," आनंदराव म्हणाले. थोडीशी सळसळ झाली.

"आन् विरोधात?"

बायकांच्या बांगड्या एकदम खणखणत मनगटावरून खाली घसरल्या. त्यांच्यामागून पुरुषांच्याही बाह्या सळसळल्या. ठराव पडला.

मित्रांनो, मला फुंकून बघू नका, टिचक्या मारू नका, काम झालं की वायर नीट गुंडाळून ठेवा. आणि बोलायला उभं राहिलेलं माणूस पहिल्या वाक्याला चुकलं, तर त्याला दुसरं वाक्य बोलू द्या.