बाकावरच्या माणसाचा विमा

"आधीचं काही दुखणं?" रुपरावनं विचारलं आणि लगेच जीभ चावली.

समोर कौशल्याबाई बसल्या होत्या. डावा पाय स्टुलावर, काठी खुर्चीच्या हाताला टेकवलेली. त्यांच्या खुब्याचं दुखणं गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या इतक्या हसल्या की काठी घसरून खाली पडली.

"काहून गा रुप्या, या खुब्यापायीच तं विलायतेले जाऊन राहिली, अन् तू मलेच विचारून राहिला दुखणं आहे का म्हणून? जन्माले आला तेव्हाही पायाकडूनच आला होता. अजूनही तुहं सगळं उलटंच."

रुपराव विम्याचा एजंट होता. भर मे महिन्यात टाय बांधून हिंडायचा, साहेबांशी इंग्रजीत बोलायचा. पण त्याच्या आयुष्यातली पहिली चापट त्यानं याच बाईंच्या हातची खाल्ली होती. नागपूर महापालिकेच्या प्रसूतिगृहात तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या कौशल्याबाईंनी जरीपटक्याच्या अलीकडची निम्मी वस्ती या जगात आणली होती. अशा बाईपुढे टाय बांधून उपयोग नसतो.

त्या तीस वर्षांतच खुबा झिजला. उभं राहून राहून सांधा असा खरखरीत झाला की न्हाणीपर्यंत जायचं म्हणजे मोठा प्रवास. इथल्या डॉक्टरांनी आराम सांगितला. मुलगी प्रेमलता मँचेस्टरजवळच्या इस्पितळात नर्स होती. तिनं कळवलं, आई, इथं धातूचा सांधा बसवतात, बाया पुन्हा चालायला लागतात. ऑपरेशनचं सगळं तिनं तिकडं ठरवूनही टाकलं. वडिलांनी सोबत यायचं हेही तिनंच ठरवलं.

कौशल्याबाईंना चालून काही हिमालय गाठायचा नव्हता. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. दर उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीत रसाची पंगत होई, आणि रस वाढायचा मान त्यांचा. कोणाच्या पोटात किती मावतं, कोण लाजून नाही म्हणतं आणि कोण खरंच नाही म्हणतं, हे त्यांना चेहऱ्यावरून कळे. गेले दोन उन्हाळे मात्र त्या खुर्चीत बसून होत्या आणि वाटी दुसरं कोणी भरून आणून देत होतं. त्या रसाला त्यांना चवच लागली नव्हती.

"मावशी, ऐका," रुपराव आता जपून बोलू लागला. "जे दुखणं इथून घेऊन चाललात, त्याले कंपनी पैसा देत नाही. तिथं गेल्यावर नवीन काही झालं, तं देते. म्हणजे तुमचा खुबा बाहेर. पडल्या-झडल्या, बॅग हरवली, तं त्याची एक लहान पॉलिसी आहे. अन् मोठी घेतली, तं बिमारी, इस्पितळ, सगळं आलं."

"मंग माह्यासाठी लहान घे," कौशल्याबाई म्हणाल्या. "अन् यांच्यासाठी मोठी."

"यांच्यासाठी" म्हणजे नत्थूजी. ते दारात उभे राहून सायकलची घंटी पुसत होते, ते ताठच झाले. खापरखेड्याच्या वीजघरात त्यांनी उभी हयात काढली, राखेत आणि उन्हात. त्या सबंध नोकरीत आजारपणाची रजा म्हणून घेतली नाही, याचा त्यांना पेन्शनीपेक्षा जास्त अभिमान होता.

"मले काय झालं? ऑपरेशन तुहं, अन् विमा माहा?"

"माह्याकडे तं तिथले डॉक्टर पाहतीन, नर्सा पाहतीन, प्रेमा पाहीन. तुमच्याकडे कोण पाहीन?"

"मले पाहाले काय मी नवरदेव आहो?"

रुपराव हसला. कौशल्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. प्रसूतिगृहाच्या बाहेर एक लाकडी बाक होता. आत बाई अडलेली असली की नवरा त्या बाकावर. येणारा-जाणारा आतल्या बाईची चौकशी करी, बाकावरच्या माणसाला कोणी पाणीसुद्धा विचारत नसे. एकदा त्या मुलगी झाल्याची खबर द्यायला बाहेर आल्या, तर बाप बाकाखाली पडलेला. अंगात ताप, शुद्ध नाही. सकाळपासून तो तसाच बसून होता आणि सगळे त्याला ओलांडून जात होते. बाळंतीण दोन-चार दिवसांत उठली. तो महिनाभर खाटेवर होता आणि ती ओली बाळंतीण तान्ही पोर काखेत मारून त्याच्यासाठी पेज घेऊन येई.

"तेव्हापासून मी बाहेर आली की पयले बाकाकडे पाहो," त्या म्हणाल्या. "आता बाकावर तुमी बसणार. मी तं पडून राहीन, मले उठून पाहता येणार नाही. तुमचा विमा झाला तरच मी जाईन. नाही तं हा खुबा असाच बरा."

कौशल्याबाई एकदा बोलल्या की बोलल्या. नत्थूजी संसारात बरंच काही शिकले होते, त्यात हे पहिलं. त्यांनी घंटी टणकन वाजवली आणि हो म्हटलं.

नत्थूजी साठी उलटलेले, म्हणून कंपनीला त्यांच्या हृदयाची ईसीजीची पट्टी आणि रक्तातली साखर तपासून हवी होती. उपाशीपोटी जायचं होतं. आता नेमकं हे सगळं आलं मे महिन्यात, आणि विलायतेला निघालेल्या माणसाला गल्ली काय तशीच सोडते? घराघरातून जेवणाचं बोलावणं, आणि मे महिन्यातलं बोलावणं म्हणजे रस. तुपाची धार सोडलेला रस, पोळ्या, कुरडया, भजी. कौशल्याबाईंना जिना चढता येत नसे, म्हणून नत्थूजी दोघांचं निमंत्रण एकटेच निभावून नेत. पंगतीत त्यांच्या तोंडून "बस" हा शब्द आजवर कोणी ऐकला नव्हता.

ते सकाळी सायकल मारत रक्त देऊन आले. दोन दिवसांनी रुपराव आला तो तोंड पाडून. हृदय घड्याळासारखं, पण साखर भलतीच चढलेली.

कौशल्याबाईंमधली नर्स जागी झाली. "अजी, इकडे या. रक्त द्याले गेले, तेव्हा उपाशी होते ना?"

"अन्नाचा कण नव्हता पोटात."

"चहा?"

"चहा कायचा! पाणीही नाही."

"मंग?"

नत्थूजींनी छताकडे पाहिलं. "थो आपल्या गल्लीतला बाबाराव त्याच्या दारात उभा होता. कुहीहून त्याच्या सासऱ्यानं गावरान आंबे पाठवले, म्हणे आढीतले पहिले. त्याच्या सुनेनं वाटीभर रस पुढं केला. तिले नाही कसं म्हणाव?"

"अन् तुमी म्हणता उपाशी होतो!"

"उपाशीच होतो!" नत्थूजी खरोखर दुखावले. "रस काय जेवण असते का? पोळी खाल्ली असती तं जेवण झालं असतं. नुसता तं पेलो."

रुपरावनं टाय सैल केला आणि पोट धरून हसला. कौशल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. नागपूरचा माणूस मे महिन्यात रसाला अन्न समजत नाही, हे त्या लॅबवाल्याला आधी कोणी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतः पहारा दिला. नवऱ्याला सायकल रिक्षात घातलं, शेजारी आपण बसल्या, आणि बाबारावच्या घरावरून जाताना पदर आडवा धरला. ते आत रक्त द्यायला गेले तेव्हा त्या बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. बाकाची फळी खुब्याला टोचत होती. इतकी वर्षं त्या अशा बाकाकडे उभ्यानं पाहत आल्या होत्या. त्यावर बसून काय वाटतं ते त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

साखर उतरली होती, पण उतरून जिथं यायला हवी तिथं आली नव्हती. त्यात बाबारावच्या आंब्यांचा काही दोष नव्हता.

"म्हणजे मी बिमार आहो?" नत्थूजींनी विचारलं. एवढंच. मग सायकल पुसायचं फडकं हातात घेऊन ते बराच वेळ पायरीवर बसले. कौशल्याबाईंना त्यांची फार दया आली. हातपाय मोडले असते तरी हा माणूस इतका खचला नसता.

संध्याकाळी नत्थूजींनी रुपरावला गाठलं. "साखरेचं लिहू नको गा. दुसऱ्या लॅबमंधी पाहू. कोणाले माहीत पडते?"

"माहीत पडते," आतून कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमी तिथं चक्कर येऊन पडले, तं ते लोक पयले साखरच पाहतीन. मंग कंपनी म्हणन, लपवलं होतं, आमी काही देत नाही. तो कागद मंग बंब पेटवाच्या कामाचा. अन् प्रेमाच्या घरावर सगळा बोजा."

"अन् खरं लिहिलं अन् त्यायनं नाहीच म्हटलं तं?" नत्थूजींचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "तं तू जाशीन का? नाही जाणार. मले माहीत आहे तुहा स्वभाव. तुह्या पायासाठी मी खोटं बोलाले तयार आहो वं, आजवर कधी नाही बोललो."

इतक्या वर्षांत हा माणूस इतकं गोड काही बोलला नव्हता, आणि बोलला तेही खोटेपणा करण्यासाठी. कौशल्याबाईंनी काठी घेतली, कशाबशा दारापर्यंत आल्या आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"खरं लिही, रुप्या. मंग जे होईन ते."

पुढचे दिवस गल्लीनं श्वास रोखून काढले. बाबारावनं घरातले आंबे झाकून ठेवले, कारण नत्थूजींना वास जरी गेला तरी साखर चढेल अशी त्याची समजूत. नत्थूजी पहाटे उठून भरभर चालून येत, आणि आपण चाललो म्हणजे साखर झक मारत खाली येईल असं दारोदार सांगत. कौशल्याबाईंनी भरलेली बॅग पुन्हा उघडली नाही, आणि कुलूपही लावलं नाही.

मग एका दुपारी भर उन्हात स्कूटरचा हॉर्न कोपऱ्यापासूनच वाजत आला.

"मावशी! मंजूर!" रुपराव स्कूटर स्टँडवर न लावताच उतरला, ती भिंतीला जाऊन टेकली. "नत्थूजींची साखर अन् साखरेपायी जे होईन ते बाहेर. बाकी सगळं आत."

कौशल्याबाईंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे माहा खुबा सोडून मी, अन् यांची साखर सोडून हे?"

"हाव."

"उरलं ते पुष्कळ आहे," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे पाहून लाजल्या. "कुलूप आणा जी बॅगेचं."

विलायतेत विम्याचं काम पडलं ते एकदाच, आणि तेही लहान पॉलिसीचं. तिखट-मिठाची बॅग भलत्याच गावी गेली आणि परत आलीच नाही. कंपनीनं भरपाई दिली, पण सावजी मसाल्याची किंमत काय लिहावी यावर प्रेमलता आणि नत्थूजी यांच्यात दोन दिवस वाद झाला.

खुबा मात्र छान बसला. चालायच्या चौकटीला धरून कौशल्याबाई पहिल्यांदा वॉर्डाच्या दाराबाहेर आल्या, तेव्हा तिथली गोरी नर्स म्हणाली, कुठवर जायचं? त्यांनी बोट दाखवलं. व्हरांड्याच्या टोकाला बाक होता. त्यावर नत्थूजी दोन स्वेटर आणि कानटोपी घालून, आतल्या खिशातल्या विम्यावर हात ठेवून झोपी गेले होते. चौकट टक टक करत तिथवर पोचली. कौशल्याबाईंनी सवयीनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या नर्सला मराठीतच सांगितलं, "हे माहे मालक. पुरे विम्यातले, साखर सोडून."

पुढच्या मे महिन्यात गल्लीत पंगत बसली. डॉक्टरांनी कौशल्याबाईंना मांडी घालायला आणि फार वाकायला बंदी केली होती, आणि वाकल्याशिवाय जमिनीवरच्या पंगतीला वाढणार कसं? नत्थूजी दोन दिवस काही न सांगता खापरखेड्याला जाऊन आले. तिथल्या जुन्या सोबत्याकडून त्यांनी पितळी पळीला लांबलचक दांडा बसवून आणला होता. उभ्यानं ती पळी बरोबर जमिनीवरच्या वाटीत उतरे.

आणि कौशल्याबाई चालल्या. रसाची बादली रुपरावच्या हातात, पळी त्यांच्या हातात. काठी घरी. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कण्यानं, थोड्या डुलत, "घे गा, लाजू नको," म्हणत. बाया हसत होत्या, पोरं वाट्या वर करत होती. बाबाराव तर रडलाच, आणि आंब्याचा चीक डोळ्यात गेला म्हणाला.

पंगत संपते तिथं भिंतीशी एक बाक ठेवला होता. मांडी घालता न येणारी बाई आणि रस वर्ज्य असलेला माणूस यांच्यासाठी. नत्थूजी तिथं आधीच जाऊन बसले होते. समोर पोळी, भाजी, आणि रिकामी वाटी.

कौशल्याबाई त्यांच्यापुढे थांबल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी ती लांब पळी बादलीत बुडवली, कडेला निथळू दिली आणि वाटीवर हलकेच तिरपी केली. वाटीच्या तळाशी रुपयाएवढा रस जमला.

"बस," नत्थूजी म्हणाले, आणि सरकून त्यांनी बाकावर बायकोसाठी जागा केली.