पन्ह्यातला निळसर बर्फ

बर्फ फोडल्याचा आवाज आला तेव्हा रुपा लेकीच्या, खुशबूच्या केसांत गजरा माळत होती. गजरा तसाच अर्धवट लोंबकळत सोडून ती मांडवात धावली, आणि मनात ज्याची भीती होती तेच दिसलं. तिचा दीर भुपेंद्र पोत्यावरची लादी मुसळानं फोडत होता आणि ढेकळं दोन्ही हातांनी उचलून पन्ह्याच्या मोठ्या भांड्यात, गंजात सोडत होता.

"भाऊजी! हे का करून राहिले तुमी?"

"वरात येऊन राहिली वहिनी. असं कोमट पन्हं कोण पिईन?"

नणंदेचं, कामिनीचं लग्न. मे महिन्याचं ऊन असं की करडी गावच्या गल्लीत कुत्रंही दिसत नव्हतं. लग्नाचं पन्हं रुपानं स्वतःहून अंगावर घेतलं होतं. कैऱ्या उकडल्या, गर काढला, गूळ-जिरं-काळं मीठ घातलं. पाणी खळखळ उकळून निववलं, पन्हं माठांत भरून त्यांची तोंडं धुतल्या फडक्यानं बांधली, वाटायला बरंचसं गंजात ओतलं. कोणी हात बुडवू नये म्हणून लांब दांड्याचं ओगराळंही शोधून आणलं. घरातले हसत होते, ती ऐकून सोडून देत होती. आणि आता त्याच गंजात भुपेंद्रचे हात कोपरापर्यंत बुडालेले.

गावतलावातल्या मासोळ्यांचा ठेका भुपेंद्रकडे होता. लादीला अजून धानाचा भुसा चिकटलेला होता आणि भुशात एक खवला चमकत होता.

"हा बर्फ मासोळ्याइचा आहे नं?"

"तं का झालं? पाइपाखाली धुतला मी. उरला होता, वाया कायले घालवू?"

शेजारची साधनाकाकू पानं पुसता पुसता हसली. "रुपा तं पाणी बी चष्मा लावून पिते बाप्पा!"

बाकीच्या बायकाही हसल्या. रुपानं लादीकडे बोट दाखवलं.

"रंग पाहा त्याचा. निळा दिसून राहिला. खायचा बर्फ पांढरा असते. याच्यात निळा रंग मुद्दाम टाकतात, कोणी तोंडात घालू नये म्हणून."

"निळा तं अजून थंडगार दिसते," काकू म्हणाली.

भुपेंद्रनं मुसळ खाली ठेवलं. लहान पोराला समजावावं तशा आवाजात म्हणाला, "वहिनी, याच बर्फात मासोळी नाही सडत, तं पन्हं कायले सडन? थंडीनं जंतू मरून जातेत."

"मरत नाहीत, नुसते दबून राहतात! अन् मासोळी आपण शिजवून खातो, भाऊजी. बर्फ टाकल्यावर हे पन्हं शिजवून पाजणार आहात का तुमी?"

तेवढ्यात सासू गोदावरीबाई आतून आल्या. "का तमाशा मांडला गं? पावणे दारात येऊन राहिले. कामिनीचं नाक कापाचं आहे का तुले?"

नाक! मागच्या उन्हाळ्यात अशाच एका मांडवात, अशाच बर्फाचा मठ्ठा खुशबू प्याली होती. मग भंडाऱ्याचा दवाखाना. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, आणि सलाईनसाठी नर्स आधी एका हाताची शीर शोधतेय, मग दुसऱ्या, मग पायाची. तेव्हा सगळे म्हणाले, ऊन लागलं, नजर लागली. बर्फाचं नाव कोणी काढलं नाही, कारण ज्याच्या घरचा मांडव होता त्याला वाईट वाटलं असतं.

गंजाभोवती पोरं गिलास घेऊन जमली होती. सगळ्यात पुढे खुशबू, गजरा कानावर लोंबकळलेला. तिच्यामागे भुपेंद्रची लेक जान्हवी. रुपानं लेकीच्या हातातला गिलास हिसकावला, गंजातून भरला आणि दिरापुढे धरला.

"घ्या. जान्हवीले पाजा."

"पाजतो नं. त्यात का एवढं!"

त्यानं गिलास घेतला. जान्हवीनं मान वर केली. पन्ह्यावर बर्फाचा निळसर तुकडा तरंगत होता. गिलास पोरीच्या ओठांपाशी गेला आणि तिथंच थांबला.

"तिले... तिले सर्दी होते थंड्यानं. राहू द्या, मीच पितो."

"तुमाले नाही म्हटलं मी. तिले पाजा म्हटलं. लोकाइच्या पोराइले पाजाले निघाले होते नं?"

भुपेंद्रचा हात हलला नाही. गोदावरीबाई त्या हाताकडे पाहत होत्या.

रुपानं पदर खोचला, गंजाच्या कड्यांत हात घातला आणि तो उलटा केला. तिची मेहनत शेणानं सारवलेल्या अंगणातून नालीकडे वाहत गेली. सासूनं कपाळावर हात मारला. वाजंत्री अगदी दाराशी आली होती.

आत पन्ह्याचे दोन माठ अजून फडकं बांधलेले होते. रुपानं एक बाहेर आणला आणि अर्धा अर्धा गिलास वाटायला सुरुवात केली. नवरदेवाचे अड्याळचे मामा भय्याजी दोन घोट घेऊन मोठ्यानं म्हणाले, "का हो तुलारामजी, बर्फ बी नाही भेटला का तुमच्या गावात?"

सासरे तुलाराम काही बोलायच्या आत रुपा म्हणाली, "भेटला होता, भय्याजी. मासोळ्याइचा होता. आणू का?"

भय्याजींनी एकदा गिलासाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि उरलेलं एका दमात संपवलं. तुलारामांची मान खाली गेली. आज ना उद्या हे आपल्याला ऐकून घ्यावं लागणार, रुपाला कळत होतं. लागू दे. तिनं ओगराळं पुन्हा माठात बुडवलं.

पहिला माठ तळाला गेला तेव्हा कोणीतरी दुसरा तिच्या बाजूला धपकन ठेवला. गोदावरीबाई होत्या. "घे. हा बी वाट." बस, एवढंच. सुनेकडे न पाहता त्या फिरल्या.

सगळ्यात शेवटी भुपेंद्र आला, जान्हवीचं बोट धरून. रुपानं आधी पोरीचा गिलास काठोकाठ भरला. मग त्यानं आपला पुढे केला.

"थंडं नाही आहे," ती म्हणाली.

"चालते."

रुपानं त्याच्या बोटांकडे पाहिलं. नखांत भुसा होता.

"आधी हात धुऊन या, भाऊजी. साबणानं."