मायना नेहमीप्रमाणे

माणसं आपल्यासारखी कधीपासून झाली, हा प्रश्न मी माझ्या मोडीच्या वर्गात पहिल्याच रविवारी विचारतो. उत्तर कोणालाच येत नाही, त्यामुळे माझं उत्तर सांगायची सोय होते. हा वर्ग बुधवार पेठेत एका ग्रंथालयाच्या माडीवर भरतो. मनापासून शिकणारे चार जण टिकतात. बाकीचे जातीच्या दाखल्यासाठी आलेले असतात. आपल्या आडनावाचा कागद सापडला की पुढच्या रविवारी त्यांचं तोंड दिसत नाही.

माझं उत्तर असं. जुन्या कागदांतली माणसं फार काळ परकीच वाटतात. ती मोहिमेवर जातात, बेलभंडार उचलून शपथा घेतात, ग्रहणात दानं करतात. आपण आपलं वाचायचं. मग रेल्वे आल्यानंतर केव्हातरी एक जण पत्रात लिहितो, चष्म्याचा नंबर चुकला आणि दुकानदार ऐकून घेत नाही. दुसरा लिहितो, शेजाऱ्याच्या बाजाच्या पेटीने डोळ्याला डोळा लागत नाही. तिथे मी थांबतो आणि म्हणतो, हा आपला. अशा ओळीपुढे समासात लाल पेन्सिलीने खूण करायची, असा वर्गाचा रिवाज आहे. माझी बायको श्यामला म्हणते, "कुरकुर केली की माणूस आधुनिक होत असेल, तर तुम्ही पुढच्या शतकातले." बँकेत छत्तीस वर्षं काढल्यामुळे मला टोमणे पचतात.

पायल जानेवारीत वर्गात आली. खराडीला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, आणि तरीही वेळेवर यायची. तिसऱ्या रविवारी सगळे गेल्यावर तिने पिशवीतून एक पुठ्ठ्याची वही काढली. तिच्या पणजोबांची, रतन धोंडींची. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. वडील फौजेत असल्यामुळे त्यांना अक्षर आलं होतं. गावी आई एकटी. तिला वाचता येत नव्हतं, आणि महारवाड्याचं टपाल पाटलाच्या घरी पडायचं. म्हणून रतन धोंडी पाटलालाच कार्ड लिहायचे आणि 'आईस सांगावे' म्हणून मजकूर घालायचे. प्रत्येक कार्डाची नक्कल आधी या वहीत उतरवायचे. १९३० ते १९३८, एकोणीस कार्डं.

"आजीला एकच गोष्ट कळायला हवीय, सर," पायल म्हणाली. "पणजोबा लाचार होते का."

मग तिने सगळं सांगितलं. तिची आजी हिराबाई शहाऐंशी वर्षांच्या. नऊ वर्षांच्या असताना वडील गेले. लग्न होऊन गेल्या ते घर चळवळीतलं. सासरे छप्पन्न साली दीक्षेला नागपूरला जाऊन आलेले. त्या घरात भांड्याला भांडं लागलं की एक वाक्य ठरलेलं असायचं: तुझा बाप जन्मभर पाटलापुढे वाकला, आणि वाकूनही गावातलं घर काही त्याला राखता आलं नाही. रतन धोंडींची कार्डं पाटलाच्या ओट्यावर मोठ्याने वाचली जायची आणि लोक हसायचे, असंही कोणीतरी सांगितलेलं. हिराबाई यावर कधी बोलल्या नाहीत, कारण उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं. वही ट्रंकेत होती, पण आत काय निघेल या भीतीने त्यांनी ती कोणाला वाचायला दिली नाही. आता त्यांनीच पायलला वही काढून दिली. जे असेल ते असो, पण मरायच्या आधी कळू दे, म्हणाल्या.

मी ते काम आठ दिवसांत केलं आणि रतन धोंडींच्या प्रेमातच पडलो. सायकलची ट्यूब महिन्यात तीनदा पंक्चर झाली, दुकानदार लबाड आहे. कारखान्याचा भोंगा सुटीच्या दिवशीही कानात वाजतो. आईने खोकल्याचं औषध अर्धवट सोडू नये, बाटली संपेपर्यंत घ्यावं. रविवारशिवाय रजा नाही, मुकादमाला विचारायची सोय नाही. माझ्या लाल पेन्सिलीला उसंत मिळेना. शेवटच्या पाच कार्डांत आई वारल्यानंतरचा मजकूर होता: घराची जागा माझ्याच नावे राहू द्यावी, छप्पर मी घालून घेतो. पाचही कार्डांत तेच. फक्त सोळाव्यापासून आरंभी एक वाक्य जास्त: कार्ड परत आले, पुन्हा तेच लिहितो. हे वाचून मी मोठ्याने हसलो. टपालाच्या नावाने बोटं मोडणारा माणूस म्हणजे तर अगदीच आपला. सोळा ते एकोणीस या कार्डांपुढे मी 'मजकूर पंधराप्रमाणे' असं लिहून टाकलं.

आणखी एक गोष्ट मी केली. ती इतक्या सवयीने केली, की केली हेही मला आठवलं नाही. पत्राच्या डोक्यावरचा मायना, म्हणजे कोणी कोणाला काय नमस्कार-चमत्कार लिहिलेत ती ओळ, आम्ही मोडीवाले उतरवत बसत नाही. आमचे गुरुजी म्हणायचे, मायना म्हणजे दाराबाहेरच्या चपला. आत काय चाललंय ते बघा. म्हणून एकोणीसही कार्डांवर मी 'मायना नेहमीप्रमाणे' असं लिहिलं. शेवटी एक टीपही जोडली: भाषा नम्र आहे, पण त्या काळी सगळेच असं लिहीत, माणूस मात्र शंभर टक्के आधुनिक. टीप मला फार आवडली होती. वही आणि माझे कागद मी पायलच्या हाती दिले.

पुढच्या रविवारी पायल आली ती उभीच राहिली. तिने आजीला कार्डं वाचून दाखवली होती. पहिलंच कार्ड सुरू झाल्यावर आजीने विचारलं होतं, वर काय लिहिलंय? पायलने कागदावर होतं ते वाचलं: मायना नेहमीप्रमाणे. दुसऱ्याला तेच विचारलं, तिसऱ्याला तेच. सायकल, भोंगा, औषध यांतलं आजीने काही ऐकलं की नाही कोण जाणे. एकोणिसावं झाल्यावर त्या म्हणाल्या, "नेहमीप्रमाणे. कळलं." आणि वही पुन्हा ट्रंकेत ठेवायला सांगितली. त्याला तीन दिवस झाले होते. आजी जेवत होत्या, पण कोणाशी बोलत नव्हत्या.

मला आधी रागच आला. मायना म्हणजे काय, तो का गाळतात, हे मी तिला जरा चढ्या आवाजात समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या घरी नेहमीप्रमाणे म्हणजे जोहार, सर," ती म्हणाली. "आजीला तेवढंच विचारायचं होतं."

जोहार महाराने वरच्या जातीच्या माणसाला वाकून घालायचा, हे मला माहीत नव्हतं असं नाही. वर्गात तो शब्द मी दरवर्षी शिकवतो. पण माझ्या घरातल्या कोणाला तो कधी लिहावा लागला नाही. माझ्या लेखी ती पत्राच्या वरची एक ओळ होती, एवढंच. वही तिच्या पिशवीत होती. ट्रंकेत ठेवण्याऐवजी ती घेऊन आली होती. आम्ही ती टेबलावर उघडली आणि मी फक्त वरच्या ओळी बघत गेलो.

चौदा कार्डांवर एकच मायना होता. पंधराव्यावर तो बदलला होता. मी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. अक्षर सुरेख, टपोरं, शंकेला जागाच नव्हती. सोळाव्यावर तसंच. सतराव्यावर तसंच. मग 'कार्ड परत आले' याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला आणि मला माझीच लाज वाटली. टपालाची काही चूक नव्हती. उघडं कार्ड, पाटलाने वरची ओळ वाचली होती आणि कार्ड फिरवलं होतं. मी ज्या वाक्याला हसलो होतो त्यात एक माणूस पाटलाशी एका शब्दावरून भांडत होता. त्याच्या पंक्चरपुढे मी लाल खूण केली होती, आणि ही ओळ गाळली होती.

मी पायलला म्हटलं, तू सांगू नकोस. चूक माझी आहे, मीच येतो.

दुपारी आम्ही मंगळवार पेठेत तिच्या घरी गेलो. हिराबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला त्यांनी बसा म्हटलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"हिराबाई, वरची ओळ मी आळसाने गाळली," मी म्हणालो. "आज तेवढीच वाचायला आलोय."

माझ्या मनात पंधराव्यापासून सुरुवात करायची होती. तसं मी म्हणालोही, की पहिल्या चौदांवर जुन्या रिवाजाचंच आहे, ती राहू द्या.

"पहिल्यापासून वाचा," त्या म्हणाल्या.

मी वाचू लागलो. पाटील साहेब यांचे चरणी रतन धोंडी याचा जोहार. एकाहत्तर वर्षांत हा शब्द मी फळ्याशिवाय कुठे उच्चारला नव्हता. तिथे, रतन धोंडींच्या मुलीसमोर, तो उच्चारताना जीभ जड झाली. चौथ्या कार्डाला माझा आवाज खाली गेला, तर त्या म्हणाल्या, मोठ्याने वाचा. चौदा वेळा वाचलं. प्रत्येक वेळी त्या मान हलवत होत्या. हेच, हेच ऐकत आले, असं म्हणत असल्यासारख्या. पायल खिडकीकडे तोंड करून उभी होती.

मग मी पंधरावं वाचलं. "पाटील साहेब यांस रतन धोंडी याचा नमस्कार."

हिराबाईंची मान थांबली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. अक्षर लागतंय ना नीट, त्यांनी विचारलं. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांचं बोट धरून त्या शब्दावर नेलं. त्यांना मोडी येत नव्हती, पण त्यांनी बोट उचललं नाही. चरणी हा शब्दही गेलाय, मी सांगितलं. तारीख जुलै अडतीस. तुमच्या जन्माच्या आधीच्या वर्षातली.

पुढची चार कार्डं मी तशीच बोटाखाली वाचली. कार्ड परत आले, पुन्हा तेच लिहितो, नमस्कार. कार्ड परत आले, पुन्हा तेच लिहितो, नमस्कार. एकोणिसाव्यानंतर वहीची पानं कोरी होती. त्या ऑक्टोबरात जागा दुसऱ्याच्या नावावर चढली, हे पायलला घरात ऐकून माहीत होतं. ती खिडकीपासून वळली आणि हळूच म्हणाली, "आजी, एका कार्डावर जोहार लिहिला असता तर घर राहिलं असतं गं."

हिराबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. वही त्यांनी मिटली आणि माझ्याकडे न देता छातीशी धरली.

"म्हणजे घर गेलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्या बापानं सोडलं होतं."