पोटातला वास

मित्रांनो, मी पाठीवर घ्यायचा एक जुना फवारणी पंप आहे. माझ्याजवळ येऊ नका. नाक दाबून मागे सराल, आणि त्यात तुमची काही चूक नसेल. माझं झाकण उघडलं की मलाच माझी किळस येते.

एके काळी मी पिवळाधमक होतो. उत्तमसिंगने मला पुसदहून तांड्यावर आणलं, तेव्हा शेजाऱ्यांनी माझा दांडा हलवून पाहिला. "मस्त हाय रे," म्हणाले. मी फुगलो. पण पहिल्याच दिवशी माझ्या पोटात तणनाशक ओतलं गेलं. उग्र, तेलकट, घशात बसणारा तो वास! धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत पिवळं पडून कुजताना मी पाहिलं. काम झालं की उत्तमसिंग मला न धुताच गोठ्यात टांगायचा. उरलेलं पाणी तळाशी चिकटून राहायचं. लोक माझं कौतुक करायचे आणि मला आतून मळमळायचं.

मग उत्तमसिंगच्या बायकोने, रंजिताने, गोठ्यामागच्या वावरात बिनविषाची वांगी लावायचं ठरवलं. ते वावर गाजरगवताने माजलेलं होतं. ते उपटून उपटून तिच्या सासूच्या, हंसाबाईच्या, हातांवर खाजरे चट्टे उठले होते.

"तणात वांगे शोधत बसशीन," उत्तमसिंग हसला.

रंजिताने आधी वांगी लावलीच नाहीत. पावसाळा लागताच तिने तिथे ताग दाट फेकला. बघता बघता तो छातीएवढा झाला. त्याच्या सावलीत जमिनीवर ऊनच पोचेना. गाजरगवत उगवायचं आणि पांढुरकं होऊन मरायचं. तागाला फुलं येऊ लागली तशी दोघी सासूसुनांनी तो विळ्याने कापला, तिथेच जाड अंथरला आणि त्यात जागा करून वांग्याची रोपं लावली. गोठ्याच्या मेढीवरून मी सगळं बघत होतो. विषाचा थेंबही न सांडता तण मरतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

लव्हाळा मात्र हट्टी. तो तागाचं अंथरूण फोडून वर यायचा. रंजिता रोज सकाळी खुरपं घेऊन त्याच्या मागे लागायची. पुढे पुसदच्या बाजारात तिची वांगी नावाजली. एक म्हातारी बाई तर नातवासाठी म्हणून तिच्याकडूनच न्यायची.

एकदा रंजिता भावाच्या साखरपुड्यासाठी उमरखेडला गेली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "तेवढा लव्हाळा काढजा."

"कायले वाकत बसू?" ती गेल्यावर उत्तमसिंग पुटपुटला आणि त्याने मला खाली काढलं. पोटात पुन्हा तेच विष. वारा सुटला होता, तरी तो त्या अंथरलेल्या तागावर, वांग्यांच्या ओळींमधून मला चालवत राहिला. फवारा झाडांवर उडत होता. माझं तोंड कापडाने बांधून टाकावं असं मला वाटलं, पण दांडा त्याच्या हातात होता.

रंजिता परतली तेव्हा वांग्यांची पानं मुठी मिटाव्यात तशी आखडली होती. अंगणात बाजाराच्या टोपल्या भरून तयार होत्या.

"हे काय झालं?"

"बोकड्या रोग आला असन," उत्तमसिंग म्हणाला. "फळं तं चांगली हायत. भरली याडीनं." याडी म्हणजे त्याची आई, हंसाबाई.

"फवारलं काय तुम्ही?"

"नीमअर्क मारलता थोडा."

रंजिता गोठ्यात आली. तिने माझं झाकण फिरवलं आणि तोंडावर पदर दाबून मागे सरली. उभ्या आयुष्यात मी एकच खरी गोष्ट सांगितली, मित्रांनो, ती त्या दुर्गंधीने.

"हा नीमाचा वास हाय?" तिने विचारलं. "अन् हे वांगे बिनविषाचे म्हणून इकणार होते तुम्ही?"

"दिसते कोणाले?" तो म्हणाला.

हंसाबाई उंबऱ्यातून उठली. "माह्या हातानं भरल्या रे मी टोपल्या! मले तरी सांगायचं होतं." ती तशीच न्हाणीत गेली आणि राखेने हात घासत राहिली.

"पलीकडची चांगली तेवढी तरी ने," उत्तमसिंग रंजिताला म्हणाला.

"वारा कुठवर गेला, तुम्हाले माहीत हाय?"

तिने धुऱ्यापलीकडे खड्डा खणून सगळी वांगी पुरली. बाजाराला ती रिकाम्या हातांनी गेली. घरी येऊन सासूला म्हणाली, "खरं काय ते सांगितलं. अर्ध्या बाया दुसऱ्या दुकानावर गेल्या. ती म्हातारी म्हणे, पुन्हा लावशीन तं सांगजो."

उत्तमसिंगने मला विहिरीपासून लांब नेऊन पुन्हा पुन्हा धुतलं. वास गेला नाही. पुढच्या पावसाळ्यात रंजिताने पुन्हा ताग फेकला, आणि लव्हाळा काढायला तिच्याबरोबर तोही वाकला. माफी त्याने कधी मागितली नाही.

मग एक दिवस शेजारचा फकिरा आला. "पंप दे ना. मेथीवर शेणागोमूत्राचं जीवामृत मारतो."

उत्तमसिंगने पहार उचलली आणि माझ्या पोटात आरपार घातली.

"येडा झाला काय? काहून फोडला?" फकिरा ओरडला.

"धुतल्यानं जात नाही ते," उत्तमसिंग म्हणाला.

तो मला उकिरड्याकडे नेऊ लागला, तर रंजिता म्हणाली, "तिथं नोको. ते खत वावरात जाते." म्हणून मी गोठ्याच्या पत्र्याखाली टांगलेला आहे, भोकासकट. आता माझ्यात कुणी काही भरू शकत नाही, याचंच मला समाधान आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ असेल. त्याला हात लावू नका. त्यात काय भरलं होतं, हे मोठ्यांना विचारा. तणनाशकाच्या पंपात दुसरं काही भरू देऊ नका. आणि भाजीवर काय मारलं हे विचारल्यावर उत्तर देणाऱ्याने नजर चोरली, तर ती भाजी ताटात घेऊ नका.