हवेच्या चाकीवरचा दुपट्टा

दुपट्टा खुंटीला होता. चार घड्या घातलेला, कडेला कड लावून नीट… आणि तो तिथे असायला नको होता. इंजिनाच्या पोटातून अर्धवट बाहेर आलेला मनसाराम गुडघ्यांवरच थांबला. कोपरापर्यंत काळं तेल, कपाळावर तेल, आणि नजर त्या स्वच्छ घडीवर. आत शिरताना त्याने तो डोक्यावरून सोडून स्वतःच्या हाताने हवेच्या चाकीला, हवा सोडायच्या झडपेच्या चाकाला, बांधला होता. आता चाकी फिरवून उघडलेली होती. लोखंडी बाटल्यांत दाबून भरलेली हवा इंजिनाच्या तोंडाशी येऊन उभी होती. एक दांडा खाली ओढायचा तेवढा बाकी, की इंजिन फिरलं असतं आणि आत पाय पोटाशी घेऊन बसलेला माणूस… त्याने पुढचा विचार केला नाही. जहाजावर एकदा पाहिलं होतं ते पुरे होतं.

शेडमध्ये दोघंच होते, तो आणि इस्तारी. इस्तारी पाठमोरा उभा राहून चिंधीने पितळ पुसत होता. ‘निघाला का?’ एवढंच म्हणाला. मनसारामने चाकी बंद केली, मुद्दाम सावकाश, आवाज करत. आता हा चुकलो म्हणेल, निदान दचकेल तरी. इस्तारी पुसतच राहिला.

बेचाळीसच्या धरपकडीत पोलीस चिमूरकडची तरणी पोरं घराघरांतून उचलायला लागले, तेव्हा हे दोघे ढिवर, मासेमारांची पोरं, वैनगंगा सोडून मुंबईला पळाले आणि जहाजावर तेलवाले म्हणून चढले — डोंग्याशिवाय दुसरं काही न वल्हवलेले! तिथेच त्यांनी आपसात हा नियम केला. आत जाणाऱ्याने आपला दुपट्टा चाकीला बांधायचा, आणि बांधला त्यानेच सोडायचा. आतल्याने मधूनमधून हाक द्यायची, बाहेरच्याने ‘हाय’ म्हणायचं. एडनला गोरा साहेब इंजिन चालू कर म्हणून शिव्या घालत अंगावर आला, तेव्हा इस्तारी चाकीला पाठ लावून उभा राहिला होता — ‘माहा माणूस आत हाय’ — आणि मनसाराम बाहेर येईपर्यंत जागचा हलला नव्हता. त्या एका उभं राहण्यावर मनसारामने त्याला धाकटी बहीण दिली. मैनासाठी याहून काय पाहायचं होतं?

पुढे मोडीत निघालेल्या कुठल्याशा जहाजाचं हे इंजिन वडशाच्या शेठने स्वस्तात मिळालं म्हणून धानगिरणीला आणलं. मुंगीच्या लग्नाला हत्ती, असं लोक हसले. पण हत्ती हाकणारे हे दोघे होते, म्हणून चाललं. आता शेठ म्हणत होता, हंगाम संपला की एकच मिस्त्री ठेवीन. शेठने हे काढलं त्या दिवशी इस्तारीच म्हणाला होता, राहू तं दोघं, नाई तं एकही नाई. आणि आज सकाळी इंजिनाच्या पोटात बसून नटबोल्ट ठोकून पाहताना मनसारामने ऐकलं होतं — दाराशी शेठचा दबका आवाज, आणि इस्तारीचं ‘हो जी… हो जी’. त्यानंतर त्याने हाक दिली होती. ‘हाय’ उशिरा आलं होतं. तेव्हा त्याने मनावर घेतलं नव्हतं.

मैनाला दिवस गेलेत, मनसाराम मनाशी म्हणत होता. मी तर केव्हाच ठरवलं होतं, नोकरी तुझी, मी परत जाळं धरतो… सांगायचं तेवढं राहिलं होतं. मागितली असतीस तर दिली असती रे. नुसती मागायची होतीस.

दुपारी मैनाने दिलेला डबा उघडला. भात आणि मरळ मासळी. मोठा तुकडा इस्तारीने नेहमीसारखा त्याच्याकडे सरकवला. केसाने गळा कापतात म्हणतात. इथे गळा कापायचा राहून गेला होता आणि वर तोच हात मासळी वाढत होता. मनसाराम मासळीचे काटे वेगळे काढत बसला. कुठेतरी एक कारण सापडावं म्हणून तो शोधत होता — गाठ सैल राहिली असेल, विसरला असेल, बाप होण्याच्या नादात आहे. पण सुटलेला दुपट्टा खाली पडतो. तो आपणहून चार घड्या घालून खुंटीवर जात नाही.

जेवण झालं. पुढची बाजू मनसारामची, मागची इस्तारीची, ही वाटणी जहाजापासूनची. इस्तारीने डोक्याचा दुपट्टा सोडून चाकीला बांधला, एकच गाठ, नेहमीसारखी ढिली. ज्याचा कुणावर भरवसा नाही तो माणूस गाठ आवळतो. याने आवळली नाही. याचा मनसारामला सगळ्यात जास्त राग आला.

‘मी जातो आता आत. तू हायस ना गा इथी?’

‘हाय.’

इस्तारीचे पाय आत ओढले गेले. हातोडीचा टकटक आवाज सुरू झाला. मनसाराम चाकीपाशी उभा राहिला, एडनला इस्तारी उभा होता तसा… पण पाठ नव्हे, तोंड चाकीकडे. बोट गाठीवर गेलं. किती हलकी होती ती. एवढ्याने सुटते? मग सकाळी याच्या बोटांना काहीच जड गेलं नसेल.

टकटक थांबली. ‘मनसाराम?’

‘हाय’ हा शब्द तोंडात तयार होता. वर्षानुवर्षं तो आपोआप बाहेर पडत आला होता. आज तो जिभेवर तसाच बसून राहिला.

‘मनसाराम, हायस ना गा?… बोल ना, काऊन बोलत नाई?’

आतून येणाऱ्या आवाजात आता भीती होती. मैनाच्या नवऱ्याची भीती. ती ऐकताना त्याला बरं वाटलं. आणि बरं वाटलं, याचाच त्याला धसका बसला. त्याने गाठीवरचं बोट काढायला पाहिलं, पण ते निघेना.