वेगळं पातेलं

लाल भोपळा चिरायला घेतला की मला अजून मस्कत आठवतं.

२०१६ची एक जानेवारी शुक्रवारी आली, म्हणून तिकडे आठवड्याची सुट्टी तरी होती. पुण्यात असते तर बाबांबरोबर पहाटेच भीमा कोरेगावला निघाले असते. विजयस्तंभाला मानवंदना, मग तिथेच चटईवर बसून आईचा डबा. त्या वर्षी मी मस्कतच्या अल खौद भागात होते, शिकता शिकता पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करत. सकाळी बाबांचा फोन आला, मागे गर्दीचा आवाज होता. फोन ठेवला आणि मी चक्क रडले.

माझी रूममेट मिरलांद हैतीची, लॅबमध्ये माझ्यासारखीच शिकाऊ. आदल्या दिवशी तिने रुवीच्या बाजारातून भलामोठा भोपळा आणला होता, बसमध्ये मांडीवर बाळासारखा धरून. "एक जानेवारीला आमच्याकडे हेच सूप. एकटीने प्यायचं नसतं. तू माझ्याबरोबर जेवायचंस," तिने बजावलं होतं. आज एकटीने जेवायचं नाही, एवढाच मला आधार होता.

टेबलावर बघते तर दोन पातेली. एक मोठं, एक छोटंसं.

"हे तुझं. वेगळं केलंय," ती कौतुकाने म्हणाली.

माझं डोकंच सणकलं. माझ्या आजीला गावात चहा वेगळ्या कपात मिळायचा. पिऊन झाला की तो कप तिनेच धुऊन वळचणीला ठेवायचा.

"वेगळं का?" माझा आवाज चढलाच.

ती गडबडली. "मोठ्यात बीफ आहे. इंडियन लोक खात नाहीत ना? लॅबमधली तृप्ती म्हणाली."

आता हिच्यावर रागवायचं तरी कसं? मी तिला आजीचा कप सांगितला.

"आमचे लोक गुलाम होते तेव्हा हे सूप तेच रांधायचे, मालकांसाठी," ती म्हणाली. "त्यांना मात्र प्यायची बंदी. एक जानेवारीला स्वतंत्र झालो, तेव्हापासून या दिवशी सगळे पितो."

मी छोटं पातेलं उचललं आणि मोठ्यात ओतलं. "वाढ. आमच्या घरी खातात."

सूप भोपळ्याने गोड होतं आणि मिरचीने झणझणीत. कोबी, बटाटे, मांस, शेवया, सगळं एकत्र. मी तीनदा घेतलं.

संध्याकाळी बाबांचा पुन्हा फोन. "जेवलीस का गं?"

"जेवले. दोघी एकाच पातेल्यातलं." मग सगळं सांगितलं, दोन पातेल्यांपासून.

आजीला तो कप धुताना बाबांनी लहानपणी रोज पाहिलेलं. ते म्हणाले, "तिला पुण्याला घेऊन ये. तुझी आई वाढेल."