‘मंडळी’कडून एक फाईल

रिकाम्या घरांची पाहणी करणं हे तिचं काम. भाडेकरू गेला की भिंती, नळ, खिडक्या बघायच्या, फोटो काढायचे आणि एजंटला पाठवायचे. त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या घरात फोनची मेमरी भरली, म्हणून ती फोटो टॅबवर पाठवायला लागली. जवळच्या उपकरणांच्या यादीत तिच्या टॅबखाली आणखी एक नाव होतं, ‘मंडळी’.

‘शेजाऱ्याच्या बायकोचा फोन असेल,’ असं म्हणून ती हसली.

तेवढ्यात टॅबवर आलं: ‘मंडळी’कडून एक फाईल. स्वीकारायची?

कामाच्या नादात तिने ‘हो’ दाबलं. फोटो याच हॉलचा होता, स्वयंपाकघराच्या दारातून काढलेला. मधोमध ती स्वतः पाठमोरी उभी होती, हातात टॅब.

ती गर्रकन वळली. दारात कुणी नव्हतं.

दुसरी फाईल आवाजाची होती. ती तिने घेतली कशी, हे तिला आजही सांगता येत नाही. थकलेल्या बाईचा आवाज म्हणाला, “अहो, सामान कुठे नेलंत सगळं? मी बसू कुठे?”

चपला हातात घेऊनच तिने जिना गाठला.

एजंटने फोनवर सांगितलं, “घड्याळं दुरुस्त करणारे एक काका राहायचे तिथे. बायको वारली, मग मुलाकडे गेले. का हो?”

संध्याकाळी एजंटकडून मुलाचा पत्ता घेऊन ती काकांकडे गेली. सूनबाईंनी पाणी दिलं. कसं सांगावं ते सुचेना, म्हणून तिने टॅबवरचं ‘मंडळी’ हे नाव दाखवून सरळ आवाजच लावला. सूनबाई ‘आई!’ म्हणून मागे सरकल्या. काका मात्र कान देऊन तीनदा ऐकत राहिले.

“काकूंचा फोन कुठे असतो?” तिने विचारलं.

काकांनी कपाट उघडलं. फोन रुमालात गुंडाळलेला होता, बॅटरी शेजारी वेगळी. “फोनला ते नाव मीच दिलं होतं, चिडवायला,” ते म्हणाले. मग फोन पुन्हा रुमालात गुंडाळत, “गुडघे धरायचे तिचे. जमिनीवर बसताच यायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी काका खुर्ची घेऊन जुन्या घराकडे निघाले. मुलगा मागोमाग जिना चढत होता. “बाबा, लोक काय म्हणतील?”

“खुर्ची नीट धर,” काका म्हणाले.

खुर्ची त्यांनी खिडकीपाशी ठेवली. कुलूप उघडून देऊन ती टॅबसकट दारातच उभी होती, आत पाऊल टाकायचा धीर होत नव्हता. टॅब थरथरला. ‘मंडळी’कडून एक फाईल. तिने न उघडताच टॅब काकांच्या हाती दिला. ते स्वयंपाकघरात गेले, टॅब कानाशी धरला. बाहेर नुसती कुजबुज ऐकू आली, शब्द कळले नाहीत.

काका बाहेर आले ते डोळे पुसत, पण चेहरा मोकळा.

“काय म्हणाली आई?” मुलाने दबक्या आवाजात विचारलं.

“ते आमचं आम्ही बघू,” काका म्हणाले. “तू माझं अंथरूण घेऊन ये.”